तीन पानांचं स्टिकर

शोभना दिघे ज्या लायब्ररीत काम करते, तिथे आयरिश कोण हे ती ठरवते. तिच्या टेबलाच्या दुसऱ्या खणात तीन हिरव्या पानांच्या, म्हणजे आयर्लंडच्या खुणेच्या, स्टिकरांचं एक रीळ आहे. दर फेब्रुवारीच्या अखेरीला ते स्टिकर ज्या पुस्तकाच्या पाठीवर चिकटतं, ते पुस्तक सबंध मार्च, म्हणजे इथला आयरिश वारशाचा महिना, दारासमोरच्या कपाटात मानाने बसतं. नागपूरच्या बाईला हा अधिकार कोणी दिला, हे अजून कोणी विचारलेलं नाही. काम कंटाळवाणं असलं की ते करणाऱ्याचं गावबिव कोणी विचारत नाही, हे शोभना अमेरिकेत लवकरच शिकली होती.

सव्वीस वर्षांपूर्वी ती रवींद्रच्या मागोमाग पिस्कॅटवेजवळच्या या गावात आली, तेव्हा तिच्याकडे ग्रंथालयशास्त्राची पदवी होती. ती पदवी इथे कोणी हातात घेऊनही पाहिली नाही. मग परत आलेली पुस्तकं ढकलगाडीवर घालून जागच्या जागी लावायचं काम तिने धरलं. पुढे काउंटर मिळालं, आणि काउंटरबरोबर हे स्टिकरचं रीळ. पहिल्या वर्षी तिने इमानेइतबारे वाचून काढलं होतं, की आयरिश लेखक म्हणजे कोण. वाचून ती चक्रावलीच. एक विशीत देश सोडून पळाला आणि जन्मभर परदेशात बसून त्याच एका शहराच्या गल्ल्या लिहीत राहिला. एकाने तर लिहायची भाषाच बदलून फ्रेंच केली. एक लंडनच्या बड्या लोकांच्या दिवाणखान्यात रमला. बहुतेकांनी देशाला, धर्माला आणि आईला पोटभर नावं ठेवली. आणि एवढं करून देशाने त्यांचे पुतळे उभारले. "सासरी नांदत नाहीत आणि माहेरी मान सगळ्यात मोठा," असं तिने तेव्हा रवींद्रला सांगितलं होतं. रवींद्र म्हणाला होता, "हं."

रवींद्र लग्न झाल्यापासून बहुतेक गोष्टींना 'हं' म्हणत आलेला आहे.

यंदा मात्र घरातच लेखिका निघाली. अनिका, वय एकोणतीस, एकुलती एक. ती आयर्लंडमध्ये गॉलवेला शिकायला म्हणून गेली, तीन वर्षं राहिली, आणि तिथल्याच एका छोट्या प्रकाशकाने तिचा अकरा गोष्टींचा संग्रह काढला. इंग्रजीत. शोभनाने तो दोन दिवसांत वाचला आणि तिसऱ्या दिवशी कोणाशी बोलली नाही. चौथ्या गोष्टीत एक आई होती. ती झिपलॉकच्या पिशव्या धुऊन वाळत घालत होती, आणि पाहुणे दाराबाहेर पडले रे पडले की कोणी किती पुरणपोळ्या हाणल्या ते नवऱ्याला मोजून सांगत होती. नवरा 'हं' म्हणत होता. खोटं असतं तर शोभना भांडली असती. खोटं नव्हतं, ही अडचण होती.

अनिका आता शिकागोला असते. जानेवारीत तिचा फोन आला.

"आई, सत्तावीस फेब्रुवारीला मंडळाचं एक्झिबिशन आहे ना? आपले मराठी लेखक? मी येते वीकेंडला. माझं बुक असेल ना टेबलवर?"

"असेल म्हणजे? असणारच!" शोभना म्हणाली. कोणाला न विचारता म्हणाली.

गावातल्या मराठी मंडळात विचारायचं म्हणजे दिगंबररावांना विचारायचं. दिगंबरराव अध्यक्ष होते, आणि गेल्या अध्यक्षांना ते कधी झाले हे कळलं नव्हतं. स्वतः कवी. अठ्ठ्याऐंशी साली पुणं सोडलं तेव्हापासून पुण्यावरच कविता करतात. पुण्यातच छापून घेतलेल्या त्यांच्या पुस्तकाचे गठ्ठे गॅरेजमध्ये गाडीच्या पुढे आहेत, म्हणून गाडी अर्धी बाहेर असते. नातवंडांना त्यातलं अक्षर वाचता येत नाही, पण मुखपृष्ठावर आजोबांचा फेट्यातला फोटो आहे, तो ती ओळखतात.

त्यांच्या घरी बैठक झाली. साबुदाणावड्यांची थाळी फिरत होती. शोभनाने विषय काढला. दिगंबररावांनी वडा खाली ठेवला.

"वहिनी, गैरसमज नको. अनिका गुणी आहे. पण मराठी साहित्य म्हणजे काय? मराठीत लिहिलेलं, मराठी मातीत उगवलेलं आणि वाचून मराठी माणसाची मान ताठ व्हावी असं. या तीन कसोट्या. एकीत तरी बसतं का तिचं पुस्तक?"

"तुम्ही वाचलंत?"

"इंग्रजी आहे म्हटल्यावर वाचायचं कशाला?"

"याच अनिकाला तुम्ही तीन वर्षं नऊवारी नेसवून जिजाऊ केलंत. तेव्हा ती कसोटीत बसत होती?"

"ते कल्चरल प्रोग्रॅम. हे लिटरेचर." दिगंबररावांनी वडा उचलला. "चटणी सरकवा जरा."

शोभनाने रवींद्रकडे पाहिलं. त्याचं तोंड वड्याने भरलेलं होतं, ते ऐन वेळी नेहमी कशाने तरी भरलेलं असतं. गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "कशाला वाईटपणा घ्यायचा? टेबल तर आहे एक."

"मग घरातलं डायनिंग टेबल नेते. त्याच्यावर ठेवते तिचं पुस्तक."

"हं," रवींद्र म्हणाला.

अनिकाला काय सांगायचं हे तिला सुचेना, म्हणून तिने काहीच सांगितलं नाही. दिवस मात्र सरकत राहिले. कार्यक्रमाला आठवडा उरला. मंडळाने लायब्ररीचीच मोठी खोली घेतली होती. म्हणजे जे टेबल अनिकाला मिळणार नव्हतं, ते शोभनाच्या काउंटरपासून वीस पावलांवर लागणार होतं.

त्याच आठवड्यात ती आयरिश कपाट लावत होती, तेव्हा मिस्टर डोलन आले. डोलन म्हणजे निवृत्त फायरमन, वय अठ्ठ्याहत्तर. आयर्लंडला ते 'बॅक होम' म्हणतात. पाऊल मात्र तिथे कधी ठेवलेलं नाही, पासपोर्टवर शिक्का आहे तो मेक्सिकोचा. मार्चमध्ये ते हिरवा स्वेटर घालतात आणि दर वर्षी शोभनाला आयरिश आणि स्कॉटिश यांतला फरक नव्याने समजावतात. शोभना दर वर्षी नव्याने कंटाळते.

त्यांच्या हातात अनिकाचं पुस्तक होतं. शोभनाने जानेवारीत लायब्ररीला एक प्रत दिली होती, ती मागच्या कव्हरवर गॉलवे दिसलं म्हणून त्यांनी नेली होती.

"याला स्टिकर का नाही?" त्यांनी दरडावून विचारलं.

"ती मराठी मुलगी आहे. माझीच मुलगी आहे."

"ते फोटोवरून कळलं मला. नाक तुझंच आहे. पण पान एकसष्टवर चूक आहे. त्या रस्त्याने बस जात नाही. माझी आजी तिथली."

"तुमची आजी होती तेव्हा बस होती का?"

"तो मुद्दा नाही!" डोलननी पुस्तक काउंटरवर आपटलं. "आणि ती घरमालकीण! देवाचं नाव घेत घेत गरम पाणी बंद करते! ती थेट माझी मावशी आहे. कोणी सांगितलं हिला? दोन दिवस झोप नाही मला. पोरगी घर सोडून गेली, घरच्यांची लाज चव्हाट्यावर मांडली, आणि घर सोडून दुसरं काही लिहिताच येत नाही. याहून आयरिश काय असतं? लाव स्टिकर."

"पण ती मराठीही..."

"असू दे की. मी कुठे नाही म्हणतो? लाव."

शोभनाने रीळ काढलं, स्टिकर लावलं आणि पुस्तक कपाटात ठेवलं. ठेवताना तिला अभिमान वाटला आणि त्याच्या पाठोपाठ राग आला. ज्याने आयर्लंड पाहिलं नाही त्याने तिची मुलगी आपली म्हणून नेली. आणि ज्या दिगंबररावांच्या घरी ती पोर दहा वर्षं दर रविवारी जेवली, त्यांच्या टेबलावर तिला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी दिगंबरराव खोली बघायला आले. टेबलं मोजून झाल्यावर ते कपाटासमोर थबकले. वरच्या पताकेवर आयर्लंडचं नाव होतं, खाली चाळीस हिरवी स्टिकरं.

"वा! याला म्हणतात अभिमान! वहिनी, शिका म्हणावं आपल्या लोकांनी. असंच कपाट हवं मला सत्तावीसला. पण निवड काटेकोर हं!"

"मग निवडूनच बघू या ना," शोभना म्हणाली. तिचा आवाज फार गोड झाला होता. रवींद्र असता तर उठून बाहेर गेला असता. "तुमच्या तीन कसोट्या लावा. बसत नाही ते काढा, मी ढकलगाडी आणते."

दिगंबररावांना कसोट्या लावायला मिळाल्या की ते खुलतात. "पहिली, भाषा. आयरिशांची स्वतःची भाषा आहे ना? मग इंग्रजीतली काढा." त्यांनी स्वतः हात घातला. पहिला खण गेला, दुसरा गेला. "हे फ्रेंचमधून आलंय? हे तर गेलंच." गाडी भरत गेली तसा त्यांचा उत्साह वाढत गेला, आणि प्रत्येक पुस्तकाला ते उरलेल्या कसोट्याही लावू लागले. "दुसरी, माती. हा कुठे राहायचा? पॅरिस? काढा. हा लंडन? काढा. तिसरी, अभिमान..." शेवटी कपाटात आयरिशांच्या मूळ भाषेतल्या कवितांचं एक पातळ पुस्तक उरलं. चौदा वर्षांत ते कोणी नेलेलं नव्हतं. जगातले लोक ज्यांची नावं घेतात ते सगळे आयरिश लेखक ढकलगाडीत पडले होते.

"झालं," शोभना म्हणाली. "हे तुमचं आयरिश साहित्य."

दिगंबररावांनी रिकाम्या कपाटाकडे पाहिलं. क्षणभर डोक्यात काहीतरी शिरल्यासारखं वाटलं, पण ते लगेच बाहेर पडलं. "त्यांची गोष्ट वेगळी," ते म्हणाले. मग त्यांचं लक्ष गाडीतल्या सगळ्यात वरच्या पुस्तकाकडे गेलं. शेवटी त्यांनीच नाव न बघता काढून टाकलेलं. "अरे! ही आपली अनिका! हे इथे काय करतंय?"

"आयरिश लोकांनी घेतलं तिला."

"आयरिश लोकांनी?" दिगंबररावांचा चेहरा बघता बघता फुलला. "म्हणजे आंतरराष्ट्रीय मान्यताच की! वहिनी, बोलायचं नाही का? आपली मुलगी! आपल्या मंडळात वाढलेली! सत्तावीसला मधल्या टेबलावर, मध्यभागी. मी अनाउन्स करतो. द्या इकडे, घेऊनच जातो."

"वाचलंत?"

"आता घरच्या मुलीचं काय वाचायचं?"

शोभनाने पुस्तक त्यांच्या हातातून अलगद काढून घेतलं. "कार्ड आहे लायब्ररीचं?"

"कार्ड? एक दिवसासाठी?"

"डिस्प्लेवरचं पुस्तक बाहेर जात नाही. एप्रिलमध्ये मिळेल. डोलननी त्यांच्या फायरहाउसच्या मित्रांना सांगितलंय, त्यामुळे तुमच्या आधी चार जण आहेत. नाव लिहून घेऊ?"

"वहिनी, मी अध्यक्ष आहे!"

"पाचवे अध्यक्ष," शोभना म्हणाली आणि नाव लिहून घेतलं.

त्या संध्याकाळी तिने अनिकाला फोन करून सगळं सांगितलं. ती पहिल्यांदा जे खोटं बोलली होती तेही सांगितलं. अनिकाने विचारलं, "दिगंबरकाकांनी नाहीच वाचलं? एकही स्टोरी?"

"नाही."

"आणि ते डोलन?"

"दोनदा. पान एकसष्टवर चूक काढलीय."

"व्हॉट? तिथे बस जाते! मी रोज जायचे!"

"ते तू त्यांना सांग."

सत्तावीसला कार्यक्रम झाला. मधल्या टेबलावर दिगंबररावांनी अनिकाच्या पुस्तकाच्या कव्हरची मोठी रंगीत प्रिंट फ्रेम करून ठेवली होती. मागे पुस्तक नव्हतं, पण त्याने कोणाचं काही अडलं नाही. लोक ओळीने फ्रेमजवळ उभे राहून फोटो काढत होते. माइकवरून 'आपली अनिका' तीनदा ऐकू आलं. रवींद्र पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता.

अनिका त्या खोलीत गेली नाही. ती काउंटरपाशी उभी राहून डोलनशी फोनवरच्या नकाशात बोट घालून भांडत होती. डोलन लालबुंद झाले होते आणि फार दिवसांनी खुशीत दिसत होते. "नकाशा चूक आहे!" असं म्हणून ते कॉफी घ्यायला गेले, तेव्हा अनिका शोभनाकडे वळली. दोन महिने जे विचारायचं राहिलं होतं ते तिने काउंटरवरच्या पेनशी खेळत विचारलं.

"आई, तू... चौथी स्टोरी वाचलीस?"

"वाचली."

"मग?"

"चूक आहे त्यात," शोभना म्हणाली. "पिशव्या मी खिडकीच्या काचेला नाही चिकटवत. नळावर उलट्या घालते. काचेला डाग पडतात. दुसऱ्या आवृत्तीत बदल."