पाच दिवसांची चाचणी

पदवीचा कागद हातात येऊन चौदा महिने झाले, तेव्हा गणतीला एका चौकात उभं राहून माणसं मोजायचं काम मिळालं. ही नोकरी नव्हती, नोकरीच्या आधीची चाचणी होती. पण चौदा महिन्यांत कुणी तिला चाचणीपर्यंतसुद्धा येऊ दिलं नव्हतं, त्यामुळे त्या दिवशी घरात सगळे पोटभर जेवले.

गणती हे तिचं घरातलं नाव. लहानपणी ती जिन्याच्या पायऱ्या मोजायची, पाहुणे आले की दारातले चपलांचे जोड मोजायची, म्हणून काकाने ते नाव ठेवलं आणि तेच राहिलं. पुढे तिने संख्याशास्त्र घेतलं, प्रथम श्रेणीत पास झाली. मग दर रविवारी काकाचा फोन यायला लागला, "काय मग, चिकटलीस का कुठे?" फोनमधून हात घालून त्याचा कान पिळावा असं तिला वाटायचं. खरं तर काकाचा एवढा राग नव्हता. वर मोठ्या अक्षरात 'नवख्यांना संधी' आणि खाली बारीक अक्षरात 'दोन वर्षांचा अनुभव आवश्यक' असं छापणाऱ्यांचा होता. एका मुलाखतीत एका माणसाने चहा पीत विचारलं, की गेलं वर्षभर घरी बसून काय केलंत? तुमच्यासारख्यांना अर्ज केले, हे उत्तर तिच्या जिभेवर होतं. ती म्हणाली, स्वतःला घडवत होते. मग घरी येऊन नळ सोडून न्हाणीघरात रडली. बाहेर आई एकच पातेलं दहा मिनिटं पुसत राहिली.

तर ही चाचणी. कचेरी फरशांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. लोकांची पाहणी करून देणारी कंपनी. भरतीचे साहेब गोड बोलणारे, वय चाळिशीचं, गळ्यात ओळखपत्र. त्यांनी तिला एक पॅड दिलं, आपण परीक्षेला नेतो तसलं, आणि छापील तक्त्यांचा गठ्ठा. सकाळी आठ ते रात्री आठ, पाच दिवस. दर पाव तासाला एक ओळ. पुरुष किती, बायका किती, हातात पिशवी असलेले किती, लहान मुलं बरोबर असलेले किती, डावीकडे गेले की उजवीकडे. साहेब म्हणाले, तुझी चिकाटी बघायची आहे. शनिवारी तक्ते जमा कर, मग नेमणुकीचं बोलू.

ती उभी राहिली. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, शाळेत शिकवतात त्या ताळ्याच्या खुणा. दुपारी फुटपाथ तव्यासारखा तापायचा. जवळपास बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं, म्हणून ती पाणी घोटघोट प्यायची आणि जेवणाचा डबा अर्धा परत न्यायची. कोपऱ्यावर किल्ल्या बनवणारा एक म्हातारा बसायचा. पहिल्या दिवशी तो तिला पोलिसांची माणूस समजून गप्प होता. दुसऱ्या दिवशी त्याने स्टूल पुढे सरकवलं. तिसऱ्या दिवशी, किल्लीवर कानस घासता घासता, त्याने सहज म्हटलं, "गेल्या वर्षीची पोरगी उभ्यानेच मोजायची. बसायला तयार नव्हती. नोकरी जाईल म्हणायची."

गणतीची पेन्सिल थांबली. कोण पोरगी, काय मोजायची, सगळं तिने विचारून घेतलं. असंच पॅड, असेच तक्ते. पाच दिवस उभी होती, मग दिसली नाही. दोन महिन्यांनी समोर ते औषधांचं मोठं दुकान झालं. म्हाताऱ्याने कानशीनेच दुकान दाखवलं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या पाव तासापासूनच्या ओळी कोऱ्या सोडून ती चालत सुटली. पुढच्या चौकात एक चष्मेवाला मुलगा विजेच्या खांबाला टेकून रेघा मारत होता. त्यालाही चिकाटीच दाखवायची होती. त्याच्या पुढच्या चौकात एक, बसथांब्यावर एक, भाजीबाजाराच्या तोंडाशी दोघी बहिणी, समोरासमोरच्या फुटपाथवर. संध्याकाळपर्यंत तिला अकरा जण सापडले. सगळे पदवीधर, एकजण तर दोन पदव्यांचा. प्रत्येकाला वाटत होतं, चाचणी आपली एकट्याची आहे. मुलाखतीत कुणालाच दुसरा उमेदवार दिसला नव्हता. प्रत्येकाला वेगळ्या वेळी बोलावलं होतं.

बसथांब्याच्या बाकाभोवती ती धरून बारा जण जमले. चष्मेवाला सगळ्यांत जास्त तापला होता. तो म्हणाला, खोटे आकडे भरू. जिथे कुत्रं फिरकत नाही तिथे हजार माणसं लिहू. काढू देत तिथे दुकान, बसतील बोंबलत. सगळे हसले. त्या हसण्याने जरा बरं वाटलं. मग दोघी बहिणींमधली थोरली म्हणाली, त्यापेक्षा तक्तेच द्यायचे नाहीत. जागा किती आहेत ते लेखी द्या, पाच दिवसांची मजुरी द्या, मग तक्ते. सगळ्यांना पटलं. शनिवारी दहा वाजता फरशांच्या दुकानाखाली भेटायचं ठरलं.

तरी चौथ्या दिवशी गणतीने चष्मेवाल्याचं ऐकून बघितलं. समोर न बघता तिने भराभर चाळीस रेघा ओढल्या. तेवढ्यात एक बाई दोन मुलांना ओढत समोरून गेली, आणि ती कुठेच लिहिली गेली नाही. गणतीने दोन मिनिटं दम धरला आणि मग खोडरबर काढलं. एवढी माणसं बिनदिक्कत फसवतात आणि आपल्याला चाळीस खोट्या रेघा पचत नाहीत, याचा तिला इतका संताप आला की खोडताना कागद फाटला. आदल्या दिवशीच्या कोऱ्या ओळींपुढे तिने 'मोजणी झाली नाही' असं लिहिलं होतं. ते बघून म्हातारा म्हणाला, तुला कुणी फसवायची गरजच नाही, तू स्वतःहून पोतं उचलतेस. त्याचं खरं होतं.

शनिवारी दहा वाजता दुकानाखाली चारच जण होते. ती, दोघी बहिणी आणि दोन पदव्यांचा मुलगा. वर गेल्यावर दिसलं, की बाकीचे नऊच्या आधीच येऊन तक्ते ठेवून गेले होते. चष्मेवाला अजून कचेरीतल्या बाकावर बसला होता. तिला बघून तो चष्मा पुसायला लागला. म्हणाला, घरी बहिणीचं लग्न ठरत नाहीये, कारण विचारतात भाऊ काय करतो. ती त्याच्या शेजारी बसली नाही.

साहेबांनी एकेकाला आत घेतलं. बहिणी बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात तक्ते नव्हते आणि धाकटी रडत होती. दोन पदव्यांचा मुलगा पाच मिनिटांत निघून गेला, तक्ते फाडून कचऱ्याच्या डब्यात टाकून. मग गणती.

साहेबांनी तिच्यासाठी पंखा वाढवला. तक्ते मागितले नाहीत, नुसते बघायला घेतले. पानं उलटताना त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, बावीस चौकांतले हे एकच काम विश्वास ठेवण्यासारखं आहे. जे मोजलं नाही ते मोजलं नाही म्हणून लिहिलंय. बाकीच्यांनी थापा मारल्यात. मग ते पुढे वाकले.

"पुढच्या महिन्यात तीस मुलं येतील. त्यांना चौकांत उभं करायचं, दिवसातून दोनदा फिरून बघायचं, तक्ते गोळा करायचे. पर्यवेक्षक म्हणून घेतो तुला. नेमणुकीचं पत्र आत्ता देतो."

चौदा महिने जे पत्र तिने स्वप्नात बघितलं होतं, ते समोरच्या यंत्रातून छापून निघायला दोन मिनिटं लागणार होती. तिने विचारलं, "त्या तिसांसाठी जागा किती आहेत?"

"ते त्यांना सांगायची गरज नाही."

"मला सांगा."

साहेब हसले. "अगं, एकच जागा होती. ती तुला देतोय ना."

तिने त्यांच्या हातातून तक्ते ओढून घेतले. ते म्हणाले, गरज तुला आहे का आम्हाला? ती म्हणाली, मला आहे, म्हणूनच तुमचं फावतं. तक्ते छातीशी धरून ती जिना उतरली.

घरी सांगितल्यावर आईच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "घ्यायची होतीस ना, महिनाभर बघितलं असतंस." गणतीने नुसतं तिच्याकडे बघितलं. आई तिथेच खुर्चीत बसली आणि आधी साहेबाला, मग त्याच्या कंपनीला, मग स्वतःच्या जिभेला शिव्या देत राहिली. बाबा म्हणाले, आता शांत हो, मुलगी उपाशी आहे.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी गणती साडेसातला फरशांच्या दुकानाखाली जाऊन उभी राहिली. मुलं एकेक येत होती, इस्त्रीचे कपडे, हातात प्रमाणपत्रांची फाइल. ती प्रत्येकाला थांबवून सांगत होती, की वर नोकरी नाही, तुमच्याकडून फुकटात पाहणी करून घेतील. एकाने तिला वेड्यात काढलं. एकाला वाटलं, ही स्पर्धक असणार. दोघे ऐकून परत गेले. चष्मेवालाही आला, पुन्हा चाचणी द्यायला, आणि खाली मान घालून तिच्या बाजूने वर गेला.

शेवटी एक बारकीशी मुलगी आली. तिने सगळं नीट ऐकून घेतलं, मधे दोन प्रश्नही विचारले.

"म्हणजे खरी जागा एकच होती?"

"हो. ती मला देत होते. मी नाही घेतली."

"मग ती अजून रिकामी असेल ना, ताई?" असं म्हणून ती दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली.