चढावरचे दोन घोट

उसाच्या ट्रकला शेवटचे थर लागतात तेव्हा चढायची फळी पार उभी होते. डोक्यावर मोळी घेऊन तिच्यावर जाताना भल्याभल्यांचे पाय लटपटतात. बोरीचा लिंबाजी मात्र देवळाची पायरी चढावी तसा जायचा. वय एकोणचाळीस, अंगावर चिमटीत धरायला मांस नाही, पिंढऱ्या तेवढ्या वरवंट्यासारख्या. त्याच्या मागची मोळी कायम शिवशंकरची. दोघं पंधरा सीझन एकाच टोळीत, एकाच गाडीवर. टोळीचा नेमही दोघांच्या अंगात मुरलेला: गाडी भरेपर्यंत पाण्याला हात लावायचा नाही. पाणी प्यायला थांबलेला गडी टेकतो, आणि टेकला की त्याला उठवायला मुकादमाच्या शिव्या लागतात.

औंदा उसाला जायच्या आधी जिंतूरच्या डोंगरात जोडीनं पळायची शर्यत निघाली. एकवीस किलोमीटर, तीन डोंगर. दोघांना मिळून एकच नंबर, आणि वेळ धरायची ती मागून येणाऱ्याची. लिंबाजीनं दोघांची नावं देऊन टाकली आणि मग शिवशंकरला सांगितलं.

"आरं, चड्ड्या घालून डोंगर पळायचा म्हंजी गाव हसंल की!" शिवशंकर म्हणाला.

"हसू दे. डोक्यावर मोळी न्हाई तर आपण उडत जाऊत."

"तू उडशील, लेका. मला पंख कुठं हायेत?"

आणि खरंच, पहिल्या डोंगरावर दोघं उडालेच. शहरातून आलेली, महागाच्या बुटांतली पोरं दगडांवर घसरत होती आणि हे दोघं त्यांच्या बाजूनं वर निघून जायचे. पण शर्यत सुटायलाच उशीर झाला होता. दुसऱ्या डोंगराच्या पायथ्याला आले तवर ऊन चांगलंच चावायला लागलं. पुढं दोनच जोड्या. त्यातली एक तर वरच्या वळणावर दिसायलीच होती.

पाण्याची बाटली लिंबाजीच्या पाठीवरच्या पिशवीत.

"लिंब्या, घोटभर दे रं. जीभ चिकटायली."

"संपलं," लिंबाजी म्हणाला. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही त्यानं. "वर हाय पाणी. चल."

बाटली अर्धी होती. शिवशंकर पाणी पिला की टेकणार, आणि टेकला की तिसरा नंबर गेला, असा त्यानं हिशोब केला. टोळीचा नेम म्हणून एवढं ठीकही होतं. पण पुढच्या वळणाला शिवशंकर जरा मागं राहिला, तेव्हा एका मोठ्या दगडाच्या आडोशाला जाऊन लिंबाजीनं बाटली काढली आणि स्वतः दोन घोट घेतले. ते काही कुठल्या नेमात बसत नव्हतं.

वरचं पाणी म्हणावं तितकं जवळ नव्हतं. शिवशंकर आधी तिरपा पळायला लागला, मग काहीतरी भलतंच बोलला आणि गुडघ्यावर आला. लिंबाजी मागं धावला तेव्हा त्याचे डोळे पांढरे झाले होते. उरलेलं सगळं पाणी लिंबाजीनं त्याच्या डोक्यावर ओतलं. मग मोळी घ्यावी तसा त्याला मानेवर आडवा घेतला आणि डोंगर उतरला. खाली दवाखान्याच्या गाडीपाशी कुणीतरी फोटो काढला.

दवाखान्यात तीन सलाईनी लागल्या. डॉक्टर म्हणाले, उन्हाचा तडाखा, अंगातलं पाणी संपलं होतं. तो फोटो पेपरात आला. ग्रामपंचायतीनं लिंबाजीला फेटा बांधला, शाल दिली. सरपंच अर्धा तास दोस्तीवर बोलले. लिंबाजी खुर्चीत असा बसला होता, जणू चोरीच्या बैलासकट धरून आणलाय.

लोकांचं एक वेळ सोसवलं असतं. शिवशंकरची बायको कडूबाई सोसवेना. दुसऱ्या दिवशी ती पुरणपोळ्या घेऊन दारात. "भावजी, तुमी व्हतात म्हून महं कुकू ऱ्हायलं." लिंबाजीनं पोळीचा तुकडा तोंडात घातला आणि तो कितीतरी वेळ चावत बसला.

पंधरा दिवसांनी मुकादम बन्सीधर कोयते मोजायला गावात आला. कोयता म्हणजे तोडीची नवरा-बायकोची जोडी. लिंबाजी शिवशंकरच्या ओसरीवर पोचला तेव्हा मुकादम बाजेवर बसलेला, कडूबाईनं चहा ठेवलेला.

"महा कोयता धरू नका," शिवशंकर मुकादमाला सांगत होता. "पुण्याला वॉचमनचं बघतोय."

"कामून रं? दवाखान्यातून तर धड आलास."

"शरीर गेलं, मुकादम. पाणी दोघांचंबी संपलं व्हतं. ह्यो तसाच पळला, वर मला वाहून आणलं. मीच पडलो. म्हंजी महंच हाड गेलं ना? आता फळीवर चढायचं भ्याव वाटायलंय."

कडूबाई पदरानं डोळे पुसायली. पुण्याला जायचं म्हणजे तिनं इथं एकटीनं राहायचं, हे तिला कळत होतं.

लिंबाजी उभाच होता. गप्प राहिलं असतं तर आयुष्यभर फेटा टिकला असता.

"पाणी संपलं नव्हतं," तो म्हणाला.

शिवशंकरनं वर पाहिलं. "काय?"

"अर्धी बाटली व्हती. तू बसशील म्हून खोटं बोललो."

"अन् तू?"

"दगडाआड... दोन घोट पिलो."

मुकादमानं विडीची राख झटकली. शिवशंकर स्वतःच्या पिंढऱ्यांकडं पाहत राहिला, अनोळखी माणसाच्या असाव्यात तशा. मग त्यानं दोन्ही हातांनी त्या चाचपल्या.

"म्हंजी मला काईच झालं न्हाई," तो हळू म्हणाला.

"न्हाई, गड्या."

"मुकादम, महा कोयता धरा," शिवशंकरचा आवाज आता खणखणीत होता. "पर ह्याच्या टोळीत नगं. दुसऱ्या कुठल्याबी घाला."

"पंधरा साल संगं काढलेत रं तुमी!" मुकादम म्हणाला. "दोन घोटांसाठी?"

"दोन घोटांचं काय न्हाई. दगडाआड गेला त्याचं हाय."

कडूबाईनं चहा गाळला. एक कप मुकादमाला दिला, एक नवऱ्याला. 'बसा' म्हणाली नाही, 'जा'ही म्हणाली नाही. पातेल्यात अजून एका कपाचा चहा दिसत होता. तिनं त्यावर झाकण ठेवलं.

लिंबाजी ओसरी उतरला आणि वहाणा पायात घालत बसला. मागून मुकादम शिवशंकरला पेडगावच्या टोळीतली माणसं कशी आहेत ते सांगायला लागला होता.