मामांचा तक्ता आणि माझे पेढे

लग्नानंतरची बारा वर्षं माझं आणि माझ्या सासऱ्यांचं एकच संभाषण झालं. ते विचारायचे, “जेवलात का?” मी म्हणायचो, “हो. तुम्ही?” ते म्हणायचे, “झालं.” मग आम्ही दोघंही पंख्याकडे बघायचो. ते सिन्नरचे, बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये उभी हयात घालवलेले मेकॅनिक. मी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीवाला, म्हणजे दुसऱ्यानं बनवलेल्या वस्तूत खोट काढून पगार घेणारा. असल्या माणसाला मुलगी दिली याचं त्यांना वाईट वाटत असावं, पण सभ्यपणामुळे ते पंख्याला सांगत.

सासूबाई गेल्या आणि मामा (आमच्याकडे सासऱ्यांना मामाच म्हणतात) सिन्नरचं घर बंद करून आमच्या सिडकोतल्या फ्लॅटवर राहायला आले. मला धडकी भरली. सणासुदीला एकदा ‘जेवलात का’ ठीक आहे, रोज दोनदा कसं जमायचं?

वाचवलं स्वीडननं.

मामा आल्यावर लगेचच कंपनीनं मला एक मशीन शिकायला तिकडच्या एका छोट्या गावात तीन महिने पाठवलं. तिथला एक सहकारी एका मंगळवारी संध्याकाळी मला मोटरसायकलींच्या शर्यतीला घेऊन गेला. मातीचा लंबगोल ट्रॅक, दोन टीमचे दोन-दोन असे चार गडी, चार फेऱ्या. बघतो तर वळणावर कुंपणाला लागूनची पहिली रांग मोकळी. मला वाटलं, काय सभ्य लोक आहेत, पाहुण्यासाठी जागा सोडली! बायकोनं थंडीसाठी हौसेनं घेऊन दिलेला पांढरा स्वेटर घालून मी ऐटीत कुंपणाला जाऊन टेकलो. चारही गाड्या वळणावर आल्या, मागची चाकं आडवी झाली आणि अर्धा ट्रॅक माझ्या अंगावर आला. मी नेमका ‘वा!’ म्हणायला तोंड उघडलं होतं.

मागे बसलेल्या म्हातारा-म्हातारीनं मला कागदी रुमाल दिला आणि लगेच आपलं भांडण पुढे सुरू केलं. सहकाऱ्यानं सांगितलं की भांडण नेहमीचंच आहे. सगळा उन्हाळा लीगमध्ये जी टीम पहिली येते, तिलाच विजेता म्हणायचं, की वरच्या काही टीमची पुन्हा बाद फेरी, म्हणजे प्ले-ऑफ, खेळवून त्यातून विजेता काढायचा? प्ले-ऑफचा नियम आहेच. पण तो न्यायाचा आहे का, यावर ती दोघं म्हणे लग्नाआधीपासून भांडत होती. मी दातातली माती काढत विचार केला, या दोघांना बोलायला विषय तरी आहे.

घरी परतल्यावर जेवताना मी हा किस्सा मुलांना हसवायला सांगितला. मामांचा घास हातातच राहिला.

“ब्रेक नाय?”

“नाही, मामा.”

“गियर?”

“एकच.”

“मंग वळणावर काय करतो?”

“मागचं चाक घसरवतो, डावा पाय जमिनीला लावतो, आणि तसाच काढतो. त्या पायाच्या बुटाला खाली लोखंडी तळवा असतो.”

मामांनी घास ताटात ठेवला. “दाखवा,” म्हणाले.

अशी आमची शनिवार सकाळ सुरू झाली. शनिवारी कारखान्याला सुट्टी. शर्यती मंगळवारच्या. त्यांचं रेकॉर्डिंग आम्ही शनिवारी नऊ वाजता, मटकीच्या उसळीच्या वासात टीव्हीवर लावायचं. मामांनी पहिल्याच आठवड्यात नियम घातला: शनिवारपर्यंत निकाल बघायचा नाही. “पेपर फुटला तर परीक्षा कसली?” मी मान डोलावली. त्यांना मोबाइलवर फोन उचलण्यापलीकडे काही येत नव्हतं, म्हणजे नियम खरं तर माझ्या एकट्यासाठीच होता. हे त्यांनाही कळत होतं, पण बोलून दाखवलं नाही.

त्यांनी टीम निवडली ती मेकॅनिक बघून. “हा गडी पाना बरोबर धरतो,” म्हणाले, आणि झाले त्या टीमचे. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे पट्टीनं रेघा मारून त्यांनी गुणांचा तक्ता केला, डेपोत गाड्यांची नोंद करायचे तसा. पहिल्याला तीन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, शेवटच्याला भोपळा. पंधरा शर्यती झाल्या की एक सामना. नव्या सीझनला त्यांची टीम एप्रिलपासून वर सरकत गेली आणि जुलैत पहिल्या नंबरवर जाऊन बसली. तो तक्ता फ्रिजवर लागला. बायकोनं विचारलं, “किराण्याची यादी कुठं लावू?” मामा म्हणाले, “ती तोंडपाठ करावी.”

आणि त्या म्हाताऱ्या जोडप्याचं भांडण आमच्या घरात आलं. मामा तक्त्याच्या बाजूचे, म्हणून मी प्ले-ऑफच्या. खरं सांगायचं तर मला दोन्हीचं काही नव्हतं. पण एकाच बाजूला बसलो असतो तर पुन्हा पंखा.

“वर्षभर ज्यानं गाडी टायमात नेली,” मामा म्हणायचे, “त्या ड्रायव्हरला दिवाळीच्या एका खेपेवरून नापास करणार तुम्ही?”

“पण मामा, प्ले-ऑफ नसेल तर पहिल्या नंबरची टीम ऑगस्टमध्येच झोपेल. मग लोकांनी काय बघायचं?”

“लोकास्नी बघायला पाहिजे म्हणून न्याय बदलायचा का? त्या टायमाला गड्याचा खांदा मोडला असंल तर? पाऊस आला असंल तर?”

“खरा गडी तोच, जो नेमक्या दिवशी उभा राहतो.”

इथे स्वयंपाकघरातून बायको म्हणायची, “दहावीच्या गणिताच्या पेपरला मला ताप होता. तेव्हापासून बाबांचं हेच भाषण आहे. तुम्ही नवीन ऐकताय इतकंच.”

बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्यावर आवाज चढवला आणि मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. मुद्दे संपले की मी कारखान्यात डबा खाताना मोबाइलवर स्वीडिश लोकांची भांडणं भाषांतर करून वाचायचो आणि त्यातले मुद्दे आपलेच म्हणून शनिवारी टाकायचो. मामाही शुक्रवारी संध्याकाळीच गॅलरीत पुटपुटत तयारी करायचे. एरवी ते दिवसभर गप्पच असत. सासूबाई गेल्यापासून बोलायचे ते शनिवारीच. त्यामुळे तो शनिवार जपायचा, एवढं एकच काम माझ्याकडे होतं. ते मी कसं केलं ते सांगतो.

मामांची टीम तक्त्यात पहिली आली, बाद फेऱ्याही निभावून अंतिम फेरीत गेली. अंतिम फेरी दोन सामन्यांची, एक समोरच्या टीमच्या गावात, एक आपल्या. दोन्हींच्या गुणांची बेरीज करायची. हे बेरीज प्रकरण मामांना मीच कागदावर काढून समजावलं होतं, हे लक्षात ठेवा. पहिल्या सामन्याच्या शनिवारी सिन्नरला लग्न निघालं. तेव्हा ठरलं की पुढच्या शनिवारी दोन्ही सामने सलग बघायचे.

गुरुवारी मला राहवलं नाही. कारखान्याच्या संडासात, दाराला कडी लावून, मी मोबाइल उघडला. मोठ्या अक्षरांत आकडा होता: एकोणपन्नास–एक्केचाळीस. मामांची टीम जिंकली! मी पटकन मोबाइल बंद केला. चोरून बघितल्याचं इतकं वाईट वाटलं की त्या भरात लगेच एक थोर बेत सुचला.

शनिवारी सकाळी मी पेढे आणून मिक्सरच्या मागे लपवले आणि बायकोच्या कानात सांगितलं, “संपलं की आण.” मग मामांसमोर बसून मोठ्या मनानं म्हणालो, “मामा, आज फैसला. तुमची टीम हरली तर मी म्हणेन प्ले-ऑफ अन्यायाचा. जिंकली तर तुम्ही म्हणायचं, न्यायाचा.” माझा हिशेब असा, की मामांना विजय मिळेल, मला वाद मिळेल, आणि सगळे पेढे खातील.

मामांनी फ्रिजवरचा तक्ता काढून मांडीवर घेतला. म्हणाले, “चालंल.”

पहिला सामना सुरू झाला. दुसऱ्याच शर्यतीत मामांचा मुख्य गडी कुंपणावर गेला आणि खांदा धरून बाहेर बसला. टीम बारा गुणांनी हरली. मामा गंभीर. मी मात्र निवांत, पाय हलवत उसळ खातोय. दुसऱ्या सामन्यात त्यांची पोरं जीव तोडून धावली. एकेक गुण मामा तक्त्यात भरत होते. शेवटची शर्यत संपली: एकोणपन्नास–एक्केचाळीस. मी उडी मारली. “जिंकलो!”

मामांनी पेन्सिल खाली ठेवली. “आठनं जिंकलो. बारानं हरलो. चार कमी पडले.”

मी हवेतून सोफ्यावर परत आलो, आणि नेमक्या त्याच क्षणी बायको हसत हसत पेढे घेऊन आली.

“हे कशाचे?” मामांनी विचारलं.

“जिंकल्याचे ना? यांनी सकाळीच आणून ठेवलेत,” ती भाबडेपणानं म्हणाली.

मामांनी पेढ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. “आगाऊ बघितलं होतं तुम्ही.”

क्वालिटीवाल्याला सबब सुचायला हवी होती. “हो,” म्हणालो. “पण अर्धंच.”

“अर्धं!” बायको म्हणाली. “चोरी करायची ती तरी पूर्ण करावी माणसानं.”

मामांनी टीव्ही बंद केला, तक्ता फ्रिजवर परत न लावता त्याची घडी घातली आणि खोलीत गेले. दुपारी बाहेर आले. म्हणाले, “जेवलात का?”

आठवडाभर तेच. सकाळी जेवलात का, रात्री जेवलात का. वर सीझनही संपला होता. सावरायला पुढचा शनिवारच नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी गॅलरीतली पुटपुट ऐकू आली नाही. पेढे मी एकट्यानं संपवले, शिक्षा म्हणून. पाचव्या पेढ्यापर्यंत ती शिक्षा वाटत नव्हती.

शनिवारी नऊ वाजता सवयीनं बंद टीव्हीसमोर जाऊन बसलो. थोड्या वेळानं मामा आले आणि आपल्या खुर्चीत बसले. पंख्याकडे न बघता बोलले.

“तुमच्या नियमानं बघायचं झालं, तर नेमक्या दिवशी तुम्ही पडले. म्हणजे तुम्ही बाद.”

“हो, मामा.”

“माझ्या नियमानं बघायचं तर सगळी वर्षं मोजावी लागतात. माझी पोरगी ठीक ठेवली. हिची आई दवाखान्यात होती तवा पंधरा दिवस रोज सिन्नरला आले, गेले. बोलले काय नाय, पण आले. आता सांगा, कोणता नियम लावू?”

बारा वर्षं मला वाटत होतं, यांच्या कॅलेंडरच्या मागे माझ्या नावाला भोपळाच असेल. “तुमचा लावा, मामा. प्ले-ऑफ अन्यायाचाच आहे. पैजेनंही मला हेच म्हणायचं होतं.”

“पैज चोरीची व्हती, ती मोजत नाय मी. मनापासून म्हणा.”

“मनापासून.”

“मंग तक्त्यात हायेत तुम्ही.”

“कितव्या नंबरवर?”

मामांनी विचार केला. “चौथ्या. लय उड्या मारू नका.”

स्वयंपाकघरात भांडं आपटल्याचा आवाज आला. बायको दाराशी कान लावून ऐकत असावी, आणि पहिले तीन कोण हे तिला विचारायचं असावं.

मामांनी खिशातून घडी घातलेला तक्ता काढला, खाली कोरी जागा उरली होती ती गुडघ्यावर सरळ केली, आणि पट्टी घेऊन रेघा मारायला लागले. म्हणाले, “लावा.”

“काय लावू? सीझन संपला, मामा.”

“एप्रिलपासून लावा. पहिली शर्यत.” पेन्सिलीला टोक आहे का ते त्यांनी बघितलं. “आता सगळे निकाल दोघांना ठाऊक हायेत. तुम्हाला चोरायला काय उरलं नाय.”