हॅव की हॅड

बोरीवलीत आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी संध्याकाळी बायकांना इंग्रजी बोलायला शिकवते. आईही येते. घरी एकटी बसून करणार काय, म्हणून मीच तिला ओढून आणली. ती शेवटच्या खुर्चीवर बसते आणि सगळ्यांच्या मागून वाक्यं पुटपुटते.

त्या दिवशी आपल्या माणसांबद्दल कसं बोलायचं ते चाललं होतं. आत्ता आहे त्याला ‘हॅव’, पूर्वी होतं त्याला ‘हॅड’. नर्सिंग होममध्ये आयाचं काम करणारी एक जण उठली.

“मॅडम, माझा भाऊ मागच्या वर्षी वारला. मग ‘आय हॅड अ ब्रदर’ ना?”

“हो,” मी म्हटलं. “हॅड.”

तिनं ते वाक्य नीट म्हटलं, डोळे पुसले आणि सहज विचारलं, “तुम्हाला आहे का मॅडम भाऊ?”

माझा दादा एका सकाळी डबा घेऊन कामाला निघाला, तो घरी आलाच नाही. भांडण नाही, चिठ्ठी नाही. आम्ही पोलिसांत तक्रार दिली, हॉस्पिटलं पालथी घातली, शवागारातही जाऊन चेहरे पाहिले. त्यात तो नव्हता. याला आता बरीच वर्षं झाली. वर्गात हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. दोन्ही शब्द माझ्याच अक्षरात, शेजारी शेजारी. त्यातला एकही मला उचलता येईना.

तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. “शी हॅव ब्रदर. ही कम लेट.”

कुणीतरी हसलं. मी सवयीनं म्हणाले, “शी हॅज. ही कम्स लेट.”

“ही कम्स लेट,” आई म्हणाली. एरवी पुटपुटणारी ती, पण हे अख्ख्या हॉलला ऐकू गेलं.

घरी जाताना जिन्यात तिनं विचारलं, “माझं चुकलं का गं काही?”

“नाही गं. ‘एस’ राहिला होता फक्त.”

पुढच्या आठवड्यात मी भूतकाळाची क्रियापदं घेतली. आई आली नाही. “तुझं चालू दे. मला ते नको,” एवढंच म्हणाली.

वर्ग संपवून मी घरी आले, बेल दाबली. बोट काढायच्या आत दार उघडलं. आई माझ्या खांद्यावरून जिन्याकडे बघत होती. मग तिची नजर माझ्यावर आली.

“तू होय,” ती म्हणाली. “ये, चहा टाकते.”