गुडघ्यावरची थाप

बारामतीत कॉलेजजवळच्या खाणावळीत मी भाकरी थापतो. तिथं ताट येईपर्यंत एक पन्नाशीचे गृहस्थ पाण्याच्या ग्लासात पपईच्या पानाचा पोकळ देठ बुडवून फुंकत बसायचे. बुडबुडे थांबायचेच नाहीत. माणूस श्वास घेतो कधी, तेच कळायचं नाही. पोरांनी नाव ठेवलं, बुडबुडेसर. सरांना राग नव्हता. म्हणायचे, "आमच्या घरात पोरगं आधी ह्ये शिकतं, मग चालायला."

सर नरसिंहपूरचे. सनईवादनात पीएच.डी. करत होते. घरातल्या पिढ्या देवळाच्या दारात उभ्यानं वाजवत आलेल्या. यांना एकदा बसून वाजवायचं होतं, आणि समोरचे फक्त ऐकायला आलेले असावेत एवढी इच्छा. प्रबंध देऊन झाला होता. परीक्षकांसमोर तासभर वाजवलं की पदवी. मुदतवाढ घेऊन घेऊन संपली होती.

मी हिंगोलीकडचा, सातवीतून शाळा सोडलेला. नुसता फोन वाजला तरी मी दम रोखून धरायचो, गावाकडं काही झालं की काय. सरांनी ते हेरलं. "पाव्हणं, दम नुसता घेताय. सोडताय कवा?" म्हणाले आणि जोडीतली दुसरी सनई माझ्या हातात दिली. तिच्यावर चाल वाजवायची नसते. मुख्य सनईखाली एकच स्वर अखंड धरायचा, त्याला सूर धरणं म्हणतात. त्यांचा सूर धरणारा भाऊ कारखान्यात नोकरीला लागला होता. मशीनचा सूर मिळतो, पण त्याला माझा दम कळत न्हाय, असं सरांचं म्हणणं.

दुपारी खाणावळ आवरली की आम्ही गच्चीवर बसायचो, आधी देठ आणि ग्लास, मग सनई. नियम एकच होता. "मी तुमच्या गुडघ्यावर थाप मारंस्तवर सूर सोडायचा न्हाय. मी चुकलो, थांबलो, तरी न्हाय." भाकरीशिवाय माझ्याकडं कुणी काही मागितलं नव्हतं तोवर.

परीक्षा आठवड्यावर आली असताना सर इंदापूरच्या गाडीतून उतरले, चहा घेतला, आणि तो ओठाच्या कोपऱ्यातून शर्टावर ओघळला. सर हसले. अर्धाच चेहरा हसला. दवाखान्यात सांगितलं, चेहऱ्याची नस सुजलीय, बरं होईल, पण महिने जातील. सरांच्या गाइडबाईंनी तारीख पुढं ढकलायला सगळीकडं खेटे घातले. जमलं नाही. निमगाव केतकीची बहीण येऊन गाल शेकून जायची. मी भाकरी दुधात कुस्करून द्यायचो. आणखी काय करणार?

सरावात हवा डाव्या कोपऱ्यातून निसटायची. गाल दाबून धरावा तर त्यांचे दोन्ही हात भोकांवर. एकदा मीच हात लावून गाल धरला. दोघांनाही हसू आलं, सनई काही बोलली नाही.

परीक्षेच्या दिवशी मी सूर धरला. सरांनी सनई ओठांना लावली. स्वर उठला, फाटला. पुन्हा उठला, नुसती हवा आली. सनईच्या तोंडाची पत्ती ओली करून पुन्हा. मग त्यांनी सनई मांडीवर ठेवली.

हॉलमध्ये माझा एकटा सूर राहिला. एक परीक्षक हळूच म्हणाले, "असू द्या, थांबा आता." मी सरांच्या हाताकडं पाहिलं. थाप नव्हती. मी धरून राहिलो. गाल भरून आले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, सर मात्र डोळे मिटून ऐकत बसलेले, जणू त्यावर त्यांचं वाजवणं चालूच आहे. बऱ्याच वेळानं गुडघ्यावर हात आला. थाप कसली, नुसता टेकला.

एसटी स्टँडवर मी सूर धरायची सनई त्यांना परत द्यायला लागलो. "ऱ्हाऊ द्या. तुमचा सूर न्हाय हलला," एवढं बोलून गाडीत चढले.

तोंड आता बरंचसं सरळ झालंय म्हणे. देवळाच्या दारात उभे राहतात, थोडं वाजवतात. फोनवर पदवीचं ते काढत नाहीत, मीही नाही.

दुपारी मी एकटाच गच्चीवर सूर धरतो. दम पुरतो. थांबायचं कधी, तेवढं कळत नाही.