पाठमोरे फोटो

"तुमचं चालू द्या," असं म्हणायचा आणि हातातला कॅमेरा पाठीमागे घ्यायचा, दुकानातून गोळ्या उचलताना सापडलेल्या पोरासारखा. आपण पुन्हा भाजी निवडायला लागलो की कॅमेरा हळूच पुढे यायचा. वळून पाहिलं की परत मागे. "मी कुठं काय करू राहिलो बाई? तुमचं चालू द्या."

सिल्वासातल्या टोकरखाड्याला आमच्या वरच्या मजल्यावर तो राहायचा. मूळचा धुळ्याकडचा, खडोलीच्या एका धाग्याच्या कंपनीत पॅकिंगला होता. मी शाळेत शिकवते, म्हणून सगळ्या बिल्डिंगची मी बाई, तशी त्याचीही. वापीहून कोणाचा तरी जुना कॅमेरा त्याने विकत आणला होता आणि सुट्टीच्या दिवशी तो घेऊन दुधनीला पाण्याकाठी भटकायचा. पण त्याचा खरा जीव माणसांत. पंचाईत एवढीच, की माणसाने त्याच्याकडे पाहिलं की त्याचे हात गळून जायचे.

त्यामुळे त्याच्या फोटोंत सगळी माणसं पाठमोरी. जाळं ओढणारे कोळी पाठमोरे, शिफ्ट सुटल्यावर गेटबाहेर चहा पिणारी पोरं पाठमोरी. फोटो मात्र असे, की नुसत्या मानेवरून माणूस ओळखावा. माझी पाठ एवढी रुंद आहे हे मला त्याच्यामुळेच कळलं, आणि त्याबद्दल मी त्याला अजून पुरती माफी दिलेली नाही.

"समोरून का नाही काढत रे?" मी एकदा विचारलं.

"समोरून काढायचं म्हणजे सांगावं लागतं ना बाई. असे उभे राहा, तसे बघा. आपण कोण सांगणारे? कंपनीत सगळे आपल्यालाच सांगतात."

नोकरी सोडून फोटोचाच धंदा करायचा हे त्याच्या मनात होतं. पण तेही तो असं दबक्या आवाजात सांगायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं हा पळून जाऊन लग्न करतोय.

भामरेअप्पा त्याच्याच कंपनीत फिटर, त्याच्याच मुलखातले, शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहायचे. तो नवा नवा आला तेव्हा खोलीत गॅस नव्हता, तर भामरेकाकूंनी त्याला कित्येक महिने घरचं जेवू घातलं. मुलीचं लग्न ठरलं तसे अप्पा म्हणाले, "फोटो तूच काढायचे. आणि फुकट नाही, धंदा म्हणून काढायचे." त्याच्या आयुष्यातलं ते पहिलं काम. आठ दिवस आधीपासून त्याचं जेवणावर लक्ष नव्हतं.

लग्नाला मीही होते. अंतरपाट दूर झाला आणि सगळे पाहुणे मोबाइल वर धरून पुढे सरकले. हा त्यांच्या मागे. "सरका" एवढा एक शब्द म्हणायचा होता. तो टाचा उंचावत होता, माना चुकवत होता, एकदा तर कोणाचं लक्ष नाही असं बघून खुर्चीवर चढला आणि कोणीतरी पाहिलं म्हणून लगेच उतरला. मला हसू येत होतं. त्याचं काय होतंय हे मला नीट दिसत नव्हतं असंही नाही, पण लग्नात माणूस जेवणाच्या पंगतीकडे जास्त बघतो.

अल्बम आला. त्यात पाहुण्यांची डोकी, वर धरलेले मोबाइल आणि त्यांच्या फटींतून नवरा-नवरी. अप्पांनी सगळी पानं उलटली आणि अल्बम मिटून ठेवला. बोलले काहीच नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं, असं तो नंतर म्हणाला. त्या दिवसापासून तो अप्पांच्या बिल्डिंगवरून न जाता मागच्या गल्लीने जायला लागला.

पुढच्या उन्हाळ्यात काकू गेल्या. साधा ताप म्हणता म्हणता गेल्या. भिंतीवर लावायला चांगला फोटो सापडेना, तेव्हा मुलाने आधार कार्डावरचा मोठा करून आणला. तो फोटो कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे. आयुष्यभर हसून जेवायला वाढणारी बाई तिथे पोलीस चौकीत बसवल्यासारखी दिसत होती. तेराव्याला हा त्या फोटोसमोर उभा राहिला, हात जोडले आणि न जेवता निघून गेला.

संध्याकाळी माझ्या दारात येऊन बसला. चहाला हात लावला नाही.

"लग्नाच्या दिवशी काकू स्वयंपाकाजवळ होत्या," तो म्हणाला. "मला बघून उभ्या राहिल्या. पदर नीट केला. म्हणाल्या, माझा एक काढ रे. आणि त्या अशा समोर बघू राहिल्या, तर मला लाज वाटली बाई. मी म्हटलं, तुमचं चालू द्या, मी काढतो. त्या हसल्या आणि परत पुऱ्यांकडे वळल्या."

मग त्याने तो फोटो दाखवला. अंबाड्यावरचा गजरा, खांद्यावरून घेतलेला पदर, उकळतं तेल. त्याचे इतर फोटो चांगले होतेच, हाही चांगला होता.

"तुम्ही पोरांना दटावता, ते मला शिकवा," तो म्हणाला.

मी शिकवलं. माझ्या नवऱ्याला खुर्चीवर बसवलं आणि त्याला समोर उभं केलं. "जरा... तुम्हाला त्रास नसेल तर... मान..." एवढं होईपर्यंत नवऱ्याने पेपर उघडला होता. मी म्हटलं, "सांगताना हसायचं नाही आणि माफी मागायची नाही." कित्येक संध्याकाळी आमच्या घरात हाच तमाशा चालला. नवरा कंटाळला, तो नाही. शेवटी एकदा "पेपर ठेवा, इकडं बघा" असं त्याने म्हटलं आणि स्वतःच दचकला.

कंपनी सोडून त्याने गाळा घेतला तो पासपोर्ट फोटोंसाठी. लग्नाची कामं नको म्हणाला. "इथं समोर बघितल्याशिवाय कामच होत नाही बाई." गेटपास, बँक, शाळा, सिल्वासात फोटो सगळ्यांनाच लागतात. उत्तरेकडच्या पोरांना "सामने देखो", गुजराती बायकांना "सामे जुओ", आपल्या लोकांना "इकडं बघा". आवाज बारीकच होता, पण निघायचा. दुकान चालायला लागलं. कोणी कौतुक केलं की मात्र तो मान खाली घालायचा, आणि त्याला काय आठवतंय ते मला कळायचं.

एकदा मी माझे फोटो न्यायला थांबले होते, तेवढ्यात भामरेअप्पा आले. या दुकानात पहिल्यांदाच. बँकेत द्यायला फोटो हवा होता. ते स्टुलावर बसले आणि जमिनीकडे बघू लागले. मला बाहेर जावंसं वाटलं, पण जायची वाट दोघांच्या मधून होती.

"अप्पा, चष्मा काढा," तो म्हणाला. त्यांनी काढला. "मान वर. अजून थोडी. इकडं बघा."

अप्पांनी पाहिलं. कॅमेऱ्याकडे नाही, त्याच्याकडे.

"एवढंच तिला म्हटला असता रे तू," ते म्हणाले. रागाने नाही. हवापाण्याचं बोलावं तसं. म्हणजे काकूंनी घरी सांगितलं होतं.

"हो अप्पा," तो म्हणाला.

मी काचेखालच्या नमुन्याच्या फोटोंकडे बघत राहिले. त्या दोघांची लाज मला आपलीच वाटत होती. बटणाचा आवाज आला. त्याने पडद्यावर पाहिलं. अप्पांच्या डोळ्यांत पाणी उतरलं होतं, आणि असा फोटो बँक घेत नाही.

"हा चालणार नाही," तो म्हणाला आणि स्वतःचा रुमाल त्यांच्या हातात दिला. "डोळे पुसा अप्पा. पुन्हा घ्यावा लागंल."

अप्पांनी डोळे पुसले. रुमालाची घडी करून मांडीवर ठेवली.

"इकडं बघा."

अप्पांनी पाहिलं. त्यानेही मान खाली न घालता पाहिलं, आणि मग बटण दाबलं.