आबांच्या गाडीचं मिसिंग

साताऱ्याहून परत येताना उंब्रजच्या अलीकडं गाडी अंग झटकायला लागली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की धक्का, सोडला की धक्का. मागून येणारे ट्रक हॉर्न वाजवत अंगावर आल्यासारखे जात होते. शेजारच्या सीटवर बसलेले आबा डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "मिसिंग मारतीया. एक शिलेंडर मेलाय."

आबा म्हणजे माझे वडील. सगळी नोकरी सैन्यात, गाड्या दुरुस्त करण्यात गेली. पॅरालिसिसनं उजवी बाजू गेली तेव्हापासून त्यांना व्यायामासाठी साताऱ्याला न्यायचं काम माझ्याकडं होतं. तसं सगळंच माझ्याकडं होतं. आई नाही. भाऊ शिरवळच्या कारखान्यात, तिथंच फ्लॅट घेऊन राहिलेला. आणि मी नवऱ्यापासून फारकत घेऊन माहेरी आलेली, म्हणजे गावाच्या हिशेबी रिकामीच.

घरी पोचल्यावर भावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, भंगारात घाल ती गाडी. मला आत्ता सुट्टी न्हाई."

गॅरेजवाल्यानं गाडी आठवडाभर सोडून जा म्हणून सांगितलं. आबा ऐकेनात. आपल्या गाडीला दुसऱ्याचा पाना त्यांनी कधी लागू दिला नव्हता. लहानपणी मी बोनेटजवळ गेले तर "पोरीचं काम न्हाई हे" म्हणून हाकलायचे. आता मात्र म्हणाले, "मी सांगतो, तू कर." त्यात विश्वास वगैरे काही नव्हता. त्यांचा हात चालत नव्हता आणि माझा चालत होता, एवढंच.

आबांच्या मते दोष ठिणगी पाडणाऱ्या प्लगांत होता, म्हणून कराडहून नवे प्लग आणले. अंगणात आबांची खुर्ची ठेवली. इंजिन गार होईपर्यंत त्यांनी मला हात लावू दिला नाही. मग बॅटरीची वायर काढली आणि पहिल्या प्लगच्या वायरीला हात घातला, तोच ओरडले, "वायर धरून वढू नकोस! टोपी धर, टोपी! आक्कल हाय का?"

वायरीच्या टोकाची रबरी टोपी धरून ओढली. पाना खोल घालून जोर लावला. तिसरा प्लग काही केल्या सुटेना. सुटला तेव्हा हात निसटून लोखंडावर आपटला आणि बोटांची सालं निघाली. आबा म्हणाले, "तुझा भाऊ आसता तर एका झटक्यात काडला आसता."

"मग बोलवा की त्याला. शिरवळ काय लांब हाय?"

बोटाला चिंधी बांधून मी पुढचा प्लग काढला.

जुन्या प्लगांची टोकं झिजून बोथट झाली होती. तिसरा तर काजळी धरून काळा पडलेला, पेट्रोलनं ओला. आबांनी तो डाव्या हातात घेऊन नाकाशी नेला आणि मान हलवली. नवे प्लग आधी बोटांनीच फिरवून बसवायचे, आटे चुकले तर इंजिनाचं डोकं वाया जातं, हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं की शेवटी मी म्हणाले, "आबा, कळलं मला."

"कळलं म्हणत्यात आन् वाटूळं करत्यात."

सगळं बसवून चावी फिरवली. गाडी चालू झाली आणि पुन्हा तशीच खोकायला लागली. आबा खुर्चीतून तोंड फिरवून भिंतीकडं बघत राहिले. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

पण मी हटले नाही. मोबाइलवर बघताना एक युक्ती सापडली होती. दिवस मावळताना, अंधारून येत असताना गाडी चालू ठेवली, लांब उभी राहिले आणि कपड्यांना इस्त्री करताना वापरायच्या बाटलीनं वायरींवर पाण्याचा फवारा मारला. तिसऱ्या वायरीतून टिक टिक आवाज यायला लागला आणि निळी ठिणगी बाहेर उडून इंजिनाच्या लोखंडात शिरताना दिसली. वायरीचं रबर तडकलं होतं. प्लगपर्यंत ठिणगी पोचतच नव्हती.

"आबा, इकडं बघा!" मी त्यांची खुर्ची ओढतच पुढं नेली. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"व्हय," म्हणाले. एवढंच.

दुसऱ्या दिवशी वायरींचा नवा संच आणला. अदलाबदल होऊ नये म्हणून एक काढायची, तिच्या मापाची तिथं बसवायची, मगच दुसरीला हात लावायचा. हे आबांनी सांगायच्या आधीच मी करत होते. चावी फिरवली. इंजिन एकसारखं, शिवणाच्या मशीनसारखं चालायला लागलं. आबांनी डावा हात मडगार्डवर ठेवला. त्यांचा चेहरा सैल झाला, डोळे भरले. मी काळ्या हातांनी समोर उभी होते. लाज वाटते सांगायला, पण मी वाट बघत होते.

ते म्हणाले, "फोन लाव त्याला."

मी लावून दिला.

"गाडी झाली बग," आबा भावाला सांगत होते. "मी बसून करून घेतली. आता लय झ्याक हाय. कवा नेतोस?"

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "आणि साताऱ्याला तुम्हाला कशातनं न्यायचं?"

"रिक्षा मिळत्यात की. त्याला पोरंबाळं हाईत. गाडी घरच्या माणसाकडं आसावी."

"मग मी कोण?"

"तू आज हाईस. उद्याचं कुणी बघितलंय?"

रविवारी भाऊ आणि वहिनी आले. भावानं गाडी चालू करून कान दिला. "मस्तच की ताई! कुणाकडनं करून घेतलीस?" मी आबांकडं बघितलं. आबा नातवाचा फोटो बघत होते. चावी मीच दिली भावाच्या हातात. वहिनीनं हळदीकुंकू लावून गाडीची पूजा केली, बोनेटवर स्वस्तिक काढलं. दिवाळीच्या आधी भावानं ती एक्सचेंजमध्ये घालून नवी गाडी घेतली. आबांनी शेजारी पेढे वाटले, म्हणजे मला वाटायला लावले.

आता आम्ही रिक्षानं जातो. खड्डा आला की आबा रिक्षावाल्याला शिव्या देतात.

परवा शेजारचे निवृत्त सुभेदार आले होते. त्यांची गाडी मिसिंग मारत होती. आबा रंगात येऊन सांगत होते, आपण कशी एका हातानं गाडी नीट केली, वायरीतली ठिणगी कशी पकडली. मी चहा घेऊन उभी होते.

"आवं, मग येताय का माझी बघायला?" सुभेदारांनी विचारलं.

आबा माझ्याकडं वळून म्हणाले, "ही येईल. मी सांगतो तिला, ती करंल."

मी कप खाली ठेवले.

"मला न्हाई येत त्यातलं काय," मी म्हणाले आणि आत निघून गेले.

सुभेदारांनी गाडी गॅरेजला टाकली. आबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मीही बोलले नाही.